कोंडाबाईची बदकं आणि पेवाची कड

माणसांच्या डॉक्टरचं एक बरं असतं. पेशंट स्वतः सांगतो कुठं दुखतंय ते. आमच्याकडं पेशंट तोंड उघडत नाही आणि मालकाचं तोंड बंद होत नाही. म्हैस का खात नाही हे विचारलं तर मालक आधी ती कुठल्या बाजारात घेतली, दलाल कसा लबाड निघाला, मेव्हण्यानं कसं मना केल्तं, हे सगळं सांगतो, आणि निघता निघता म्हणतो, "आन् हो डाक्टरसाब, काल तिनं नायलॉनची दोरी गिळली." सगळी नोकरी असल्या लोकांत गेली. मला त्यांचा फार राग यायचा असं घरचे म्हणतात. यायचाच. पण आता जालन्यात गॅलरीत खुर्ची टाकून बसलो की आठवण त्यांचीच येते, त्याला काय करावं?

जालना जिल्हा नवा नवा झाल्ता तेव्हाची ही गोष्ट. पाट्या बदलल्या होत्या, रस्ते तेच होते. मला जाफराबादच्या अंगाच्या एका गावात जनावरांचा दवाखाना मिळाला. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरांची नातवंडं आता मोबाईलवर सगळं वाचतात आणि त्यांची जीभ थेट आजोबांवर गेलेली आहे. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, जनावर अडकवायचा लाकडी खोडा, आणि रहीमचाचा. रहीमचाचा सरकारी कागदावर परिचर होते. प्रत्यक्षात ते बैल आडवा पाडायचे, भडकलेला मालक शांत करायचे आणि माझा चहाही करायचे. यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं ते वेगळं सांगायला नको.

तर अशा या दवाखान्यात सरकारनं एकदा बदकं पाठवली.

योजना होती. भरपूर अंडी देणारी बदकं गरीब कुटुंबांना वाटायची, म्हणजे घरात चार पैसे येतील. कल्पना चांगली होती. फक्त ज्यानं ती काढली त्याच्या खिडकीतून समुद्र दिसत असावा. आमच्या गावाला तळं नाही, ओढा पावसाळ्यापुरता, आणि उन्हाळ्यात माणसंच आंघोळ टाळायची. टेम्पोतून खुराडी उतरली तसे रहीमचाचा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "साब, आपुन कू नहाने कू पानी नहीं, ये बत्तखां कू कां से देंगे?" मी त्यांना गप केलं. सरकारी नोकराला उत्तर माहीत नसलं की तो हेच करतो.

गावात बदकं घ्यायला कोणी तयार होईना. लोक यायचे, बघायचे, हसायचे आणि जायचे. घेतली ती एकट्या कोंडाबाईनं. ही धनगरवाड्यातली बाई. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने फिरतीवर, ही गावात रोजंदारी करून दोन पोरी सांभाळणार. बायांनी तिची टिंगल केली, तेव्हा ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "आजवर मला कोणी इचारलं का, कोंडे तुला काय पायजे म्हनून? सरकारनं इचारलं. मंग न्हाई कशाला म्हनू?" आणि सगळी खुराडी तिनं घरी नेली.

बाई मोठी जिद्दीची. वर्षभरात तिची बदकं अशी पोसली की बघत राहावं. अंडं कोंबडीच्या अंड्याहून मोठं. भुशाच्या टोपलीत अंडी घालून ती एस्टीनं जाफराबादच्या बाजारात जायची, टोपली मांडीवर घेऊन, कंडक्टरनं कितीही आरडाओरडा केला तरी खाली न ठेवता. थोरलीला तिनं त्या अंड्यांवर शाळेत घातलं. हसणाऱ्या बाया हळूच माझ्याकडं येऊन विचारायला लागल्या, "साहेब, आनखी येनार हायत का बदकं?"

आता बदकाला पाणी लागतं, आणि गावात बारमाही पाणी दिसायचं ते एकाच जागी: आबाराव पाटलांच्या वाड्यामागच्या हौदात.

आबारावांचं म्हणजे गावातलं जुनं, घरंदाज शेतकरी कुटुंब. बैलं दृष्ट लागण्यासारखी, शेती नीटनेटकी, आणि तोंड फाटकं. शिवी दिल्याशिवाय त्यांना प्यायला पाणी मागता येत नसे. मी बैलाला इंजेक्शन दिलं की ते आधी बैलाला, मग मला, मग औषध बनवणाऱ्याला शिवी द्यायचे आणि वर दह्याची वाटी पुढं करायचे. त्यांचा तो हौद एका अंगानं गळायचा. त्या ओलीत कोंडाबाईची बदकं सकाळपासून चोची खुपसून बसायची, संधी मिळाली की हौदात उतरायची आणि जनावरांचं पाणी घाण करायची. एका सकाळी आबाराव मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर गरजले, "कोंडे, तुझी ही पाखरं आवर. न्हाई तं एक दिस औषधच घालतो बघ त्यान्ला!"

हे अख्ख्या गावानं ऐकलं. आणि दसरा झाला तशी बदकं मरायला लागली.

पहिली मेलेली दोन बदकं कोंडाबाईनं पदरात गुंडाळून आणली. ती रडत नव्हती. "डाक्टरसाब, काल एक गेलं, आज आनखी एक. दोनचार लंगडून राह्यलीत. काय बी करा, पन जल्दी करा." तिच्यामागं निम्मं गाव आलं होतं. गावाला डॉक्टर नको होता, गावाला निकाल हवा होता.

शवविच्छेदन हा शब्द फार मोठा आहे. आमचं शवविच्छेदन म्हणजे कडुलिंबाखाली एक फळी, एक कात्री आणि वर वाकलेली डोकी. फवारणीचं औषध पोटात गेलं की पाखरं एकदम आणि झटक्यात मरतात. पोट उघडलं की त्या औषधाचा वास नाकात बसतो. इथं वास नव्हता. बदकं एकेक करून, रेंगाळत मेली होती. आधी खाणं सोडलं, मग पाय लंगडले, शेवटी मान मागं टाकून तडफडून गेली. मी कलेजी बाहेर काढली. ती लालभोर असायला हवी, तर ही पिवळट, सुजलेली, जागोजागी रक्ताचे ठिपके. दुसऱ्या बदकाची उलट आक्रसून टणक झालेली. अशी कलेजी एका दिवसात होत नाही. मी रहीमचाचांना म्हणालो, "हे कित्येक दिवस थोडं थोडं पोटात जात होतं."

झालं! मागचा एक जण लगेच ओरडला, "ऐकलं का? पाटील रोज थोडं थोडं घालून राह्यला!" मी म्हणालो, अरे बाबांनो, मी असं कुठं म्हटलं? तिच्या कोंबड्या बघा, त्याच अंगणात, त्याच परातीतलं खातात, त्यांना काहीच झालं नाही. विष घातलं असतं तर त्या वाचल्या असत्या का? त्यावर दुसरा शांतपणे म्हणाला, "साहेब, पाटलाचा राग बदकांवर व्हता. कोंबड्यांनी त्यांचं काय केलं?" अशा माणसांसमोर सायन्स काय बोलणार? संध्याकाळपर्यंत भोकरदनपर्यंत बातमी गेली की आबाराव पाटलानं गरिबाच्या मुक्या जिवांना विष घातलं.

दुसऱ्या दिवशी मी कोंडाबाईच्या घरी गेलो. माझ्या डोक्यात खाण्याचाच संशय होता. तिनं कोपऱ्यातलं मडकं पुढं केलं. मी मूठभर ज्वारी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि माझं लहानपणच समोर आलं. तो वास मी कुठंही ओळखीन. घनसावंगीकडच्या आमच्या घरी तो दर पावसाळ्यात असायचा. ती पेवाची ज्वारी होती.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. तळाला आणि भिंतींना कडबा-भुसा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आतली हवा माणूस मारणारी. मधली ज्वारी छान निघते. भिंतीला लागून असलेली मात्र ओल धरते, तिचे गोळे होतात. तिला म्हणायचं पेवाची कड. ही कड विकायची नाही, घरात दळायची नाही, आणि फेकायची तर मुळीच नाही, कारण धान्य फेकणं म्हणजे पाप. मग ती जनावरांपुढं जाते, नाहीतर ज्याच्याकडं कोंबड्या-बकऱ्या आहेत त्याला वाटली जाते. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला दाणा. माझ्या आईनं जन्मभर हेच केलं आणि तिच्या आईनंही.

त्या मडक्यातल्या ज्वारीवर हिरवट-पिवळी भुकटी होती. बुरशीच्या जाती ढीगभर आहेत आणि बऱ्याचशा बिचाऱ्या निरुपद्रवी असतात. ही मात्र वेगळी. हिचं पुस्तकातलं नाव एस्परजिलस फ्लेव्हस. ओल आणि ऊब मिळाली की ही दाण्यावर बसते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. बुरशी दिसते, विष दिसत नाही. दाणे झटका, धुवा, उन्हात घाला, भाकरी करून भाजा; ते पुरतं जात नाही. ते सरळ कलेजीवर बसतं. म्हैस कुरकुरते पण उभी राहते, कोंबडी बऱ्यापैकी पचवते, आणि बदक सगळ्यात हळवं. म्हणूनच एकाच परातीत खाऊन कोंबड्या नाचत होत्या आणि बदकं मरत होती. यावर औषध नाही. खाणं बदलायचं आणि वाट बघायची, एवढंच आपल्या हातात. मी जगलेली बदकं दवाखान्यात आणली आणि त्यांना ताजी भरड सुरू केली. रहीमचाचा त्यांना शिव्याही द्यायचे आणि हातानं भरवायचेही.

म्हणजे रोग सापडला. पण माझी खरी पंचाईत इथून सुरू झाली. मी कोंडाबाईला विचारलं, "ही ज्वारी कुठली?"

"मोंढ्यातली. इकत घेतली."

"मोंढ्यातल्या पोत्याला हा वास नसतो, बाई. ही पेवाची आहे. कोणी दिली?"

ती म्हणाली, "आन घातली हाय मला. त्या बदकावानी फाडून बघा, तरी मी नाव घेनार न्हाई."

गावात पेवं पूर्वी पुष्कळ होती. आता वापरातलं एकच उरलं होतं, आणि ते आबारावांचं. मला काहीच उलगडेना. जो माणूस बदकांना उठता बसता शिव्या देतो, तो त्यांना ज्वारी कशाला देईल?

त्याच दुपारी आबाराव स्वतः दवाखान्यात आले. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. आले, बाकावर बसले आणि शिवी दिली नाही. "डाक्टर, माझ्या पोरीची, सुनंदाची सोयरीक जमल्ती. तुमच्याच घनसावंगीकडचं घर हाय. सुपारी फुटायची बाकी. आता सोयरे म्हनून राह्यले, मुक्या जिवाला विष घालनाऱ्याची पोरगी आमाला नको. मुलाचे मामा येनार हायत परवा, गावात इचारपूस कराया." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "म्या तोंडानं वंगाळ हाय. मान्य. पन म्या विष घातलं न्हाई. तुमी सांगा त्यान्ला. पोरीचं काय चुकलं?"

मला त्या माणसाची फार दया आली. मी विचारलं, "पाटील, तुमच्या पेवातली ज्वारी यंदा कोणाला दिलीत?"

"कोनालाच न्हाई. एक दाना न्हाई. घरी लगीन हाय, पंगती उठनार हायत, मी कशाला वाटत बसू?" त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं आणि ते खरं बोलत होते.

घ्या! म्हणजे मी खरं सांगितलं तर कोंडाबाई चोर ठरणार, आणि गप्प बसलो तर सुनंदाचं लग्न मोडणार. मला कोंडाबाईचा असा राग आला! एक नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? रहीमचाचांना विचारलं तर ते म्हणाले, "साब, अपना काम जानवर का. इन्सानां का दवाखाना अलग रहता." सल्ला चांगला होता, पण उपयोगाचा नव्हता.

मुलाचे मामा आले. पांढरी टोपी, हातात अडकित्ता, चेहरा असा की समोरच्याला आपोआप अपराधी वाटावं. पारावर गाव जमलं. बाया नेहमीप्रमाणं लिंबाच्या मागं, अर्धवट पदराआड. आबाराव उभे, आणि कोंडाबाईला मुद्दाम बोलावलेलं. मामांनी मला विचारलं, "डॉक्टर, सरळ सांगा. विष होतं का नव्हतं?"

मी म्हणालो, "होतं. पण ते कोणी घातलेलं नव्हतं. ते ज्वारीतल्या बुरशीचं होतं." आणि सगळं समजावून सांगितलं. कलेजी, कोंबड्या, म्हैस, सगळं. दवाखान्यात नेलेली बदकं ताज्या भरडीवर टिकली आहेत, मरायचं थांबलं आहे, हेही सांगितलं. ज्वारी कुठली ते मी शिताफीनं वगळलं. पण मी पुरावा म्हणून ती ज्वारी कागदात बांधून नेली होती, आणि शेतकऱ्याच्या हाती धान्य दिलं की तो काय करतो? पुडी हातोहात फिरली, प्रत्येकानं चिमूट नाकाशी नेली, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसानंच सांगून टाकलं, "अरे, ही तं पेवाची कड!"

सगळ्यांच्या माना आबारावांकडं वळल्या. आबाराव ओरडले, "म्या दिली न्हाई! देवाची आन, एक दाना दिला न्हाई!"

"मंग हिच्याकडं आली कशी? चोरली का?" कोणीतरी म्हणालं, आणि तेवढ्याच वेगानं माना कोंडाबाईकडं वळल्या. ती तशीच उभी राहिली. तिची धाकटी पोरगी लुगड्याला धरून रडायला लागली, तरी बाईनं तोंड उघडलं नाही. मला वाटलं आता मीच काहीतरी खोटं बोलावं, मग दवाखाना गेला खड्ड्यात.

तेवढ्यात लिंबामागून बांगड्या वाजल्या. पार्वतीबाई, आबारावांची बायको, पुढं आली. त्या गावात पारावर बाईमाणूस बोलत नसे, आणि पार्वतीबाई तर घरातही हळू बोलणारी. ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "तिनं चोरली न्हाई. म्या दिली."

"तू?" आबाराव म्हणाले.

"ह्यांनी रोज उठून त्या पाखरांना शिव्या द्यायच्या. म्या संध्याकाळी पेवातनं काढून ठिवलेली कड पदरात न्यायची आन् तिला द्यायची. म्हनलं, पोरीचं लगीन तोंडावर हाय, गरिबाची तळतळ नको लागाया. ह्यांना कळलं तं आनखी शिव्या देतील, म्हनून तिला आन घातली." मग ती मामांकडं वळली. "मला काय ठावं, त्यातच विष हाय म्हनून! बदकं मरू लागली तं मी आनखीच दिली, म्हनलं खाऊन ताकद येईन. मामा, मुक्या जिवाला ह्यांनी न्हाई मारलं. म्या मारलं. मोडायचं तं माझ्या नावानं मोडा, पन ह्यांना विषारी म्हनू नका."

मग गंमत अशी झाली की एकेक जण आपल्या घरचं आठवायला लागला. कड कोणी घातली नव्हती? कोणाच्या गायीचा गाभ पडल्ता, कोणाचं वासरू सुकून गेल्तं, कोणाची कुत्री खंगून मेल्ती. सगळं त्या बुरशीनंच झालं असेल असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी प्रत्येकाला आपलं दान आठवलं. मामांचा अडकित्ता थांबला होता. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, आम्ही पण कड गायीलाच घालतो. घालू नये म्हणता?"

"घालू नये."

"मग करायचं काय तिचं?"

"जाळायची."

हे ऐकून त्यांना बदकांपेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं. मग ते पार्वतीबाईकडं वळले. "विहीणबाई, लेकीचा हात तुमच्यासारखाच असेल तर पोरगी आम्हाला पाहिजेच. फक्त देताना चांगली ज्वारी देत जा म्हणावं." लोक हसले आणि आबारावांनी टोपी काढून तोंड पुसलं.

माणसं पांगल्यावर आबाराव कोंडाबाईसमोर गेले. "तुला ठावं व्हतं. माझं नाव मातीत चाल्लं व्हतं, पोरीचं लगीन मोडू राह्यलं व्हतं, तुला चोर म्हनले, आन् तू गप?"

कोंडाबाई म्हणाली, "पाटील, तुमी शिव्या देता, पाटलीणबाई ज्वारी देत्यात. मी कोनाचं ऐकावं, तुमीच सांगा."

आबारावांनी टोपी डोक्यावर घातली आणि वाड्याची वाट धरली. त्यांनी शिवीसुद्धा दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेव बघायला गेलो. कंदील सोडला, हवा चांगली होती, गडी उतरला. एका अंगाची भिंत ओलीचिंब. आबाराव वर उभे राहून अंदाज घेत होते, आणि एकदम हौदाकडं वळले. ती बाजू बरोबर हौदाखाली येत होती. हौदाचं गळकं पाणी कित्येक दिवस पेवात मुरत होतं. ज्या हौदासाठी ते बदकांच्या मागं लागले, त्याच हौदानं बदकं मारली होती, आणि तो दुरुस्त करा म्हणून पार्वतीबाई दोन पावसाळे मागं लागली होती.

मधल्या ज्वारीवरून मात्र आबारावांचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. "सोन्यावानी दाना हाय, जाळू कसा?" मी म्हणालो, ओल आतपर्यंत गेली आहे आणि विष डोळ्यांना दिसत नाही; खा मग, पण लग्नाच्या पंगतीला मला बोलावू नका. शेवटी सगळा ढीग शेताच्या कडेला नेला. पेटवण्याआधी पार्वतीबाईनं त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले. मला माझी आई आठवली.

तपासणीला पाठवलेल्या ज्वारीचा रिपोर्ट आला तेव्हा सुनंदा लग्न होऊन पहिल्या सणाला माहेरी आल्ती. रिपोर्टात त्या बुरशीचं नाव होतं. रहीमचाचा म्हणाले, "साब, ये तो बत्तखां ने पयलेच बोल दिया था."

पुढं माझ्या बदल्या झाल्या. पेवं बुजली. मक्याचे दिवस आले, सोयाबीन आलं, कोंबड्यांचे मोठमोठे शेड झाले. प्लॅस्टिकखाली भिजका मका ढीग घालून ठेवणाऱ्यांशी मी दोन हजार सालानंतरही भांडत होतो, आणि तेही मला हेच विचारायचे: माणसाला नाही घालत, जनावराला घातला तर काय होतं? ही एक गोष्ट मला सगळ्यांच्या गळी उतरवता आली नाही, याचं वाईट वाटतं. पोटाला चिमटा घेऊन धान्य जपणाऱ्या माणसाला ते जाळ म्हणून सांगायचं, आणि त्यानं ऐकावं अशी अपेक्षा करायची. मी सांगत राहिलो, एवढंच.

पण त्या गावातून बदली होण्याआधीचा एक दिवस सांगायचा राहिला. उन्हाळा होता. आबारावांच्या बैलाचा खूर बघायला गेलो, तर ते मला धरून वाड्यामागं घेऊन गेले. हौद नवा बांधला होता. आणि पेवाचं तोंड फोडून, ते रुंद करून, त्यात हौदाचं वाहतं पाणी सोडलं होतं. त्या डबक्यात कोंडाबाईची बदकं पोहत होती. जगलेली आणि त्यांची नवी पिल्लं. भर उन्हाळ्यात, जाफराबादच्या अंगाला!

"हे काय, पाटील?"

"हौद घान करत्यात भडवे, म्हनून केलं," आबाराव गुरगुरले.

एका बाजूनं काठ खणून छान उतार केला होता. मी विचारलं, "आणि हा उतार?"

"मंग वर कशी येतील? पाय बघितले का त्यांचे केवढे हायत!"

मागच्या दारातून पार्वतीबाई सुपात ज्वारी घेऊन आली. आबारावांनी सूप तिच्या हातातून घेतलं. पाण्यात टाकण्याआधी मूठ भरली, नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला. मग तीच मूठ माझ्या नाकाखाली धरली.

"बराबर हाय का, डाक्टर?"

मी वास घेतला. ताज्या ज्वारीचा वास होता.

"बराबर हाय," मी म्हणालो.

"खा, हरामखोरांनो," आबाराव बदकांना म्हणाले, आणि त्यांनी मूठ सोडली.